घरगुती चित्रप्रक्षेपकाचा दिवा : निवडीची तत्त्वे
(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात)

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचा गेल्या शतकाचा इतिहास हा पुष्कळ अंशी स्थलांतराचा आणि विस्थापनाचा इतिहास आहे. मुंबईच्या डबेवाल्यांत खेड आणि मावळाबरोबरच या दोन तालुक्यांतील माणसांचा भरणा फार जुना आहे. मुंबईत नोकरी आणि गावी शेत असा दुहेरी संसार येथील अनेक घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविला. दुसरीकडे कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांनी येथील नद्यांची खोरी पालटून टाकली. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्यास नाव मिळाले, ते जुने आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. अशा प्रदेशात एखाद्या घरी जुन्या पेटीतून आठ वा सोळा मिलिमीटरची चित्रफीत निघाली, आणि तीत एखाद्या लग्नाची वरात किंवा आज पाण्याखाली असलेली गल्ली असली, तर तिचे मोल केवळ कौटुंबिक राहत नाही. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकास ते प्रत्यक्ष साधन ठरते.

या साधनाचे एक वैशिष्ट्य प्रथमच ध्यानात घ्यावयास हवे. घरगुती चित्रणासाठी बहुतेक ‘रिव्हर्सल’ जातीची फिल्म वापरीत. तीत निगेटिव्ह वेगळी नसते. कॅमेऱ्यातून गेलेली पट्टीच रासायनिक प्रक्रियेनंतर प्रक्षेपकावर चढते. म्हणजे हाती असते ती पट्टी हीच मूळ प्रत आणि बहुधा एकमेव प्रत होय. ती जळाली तर दुसरी कोठून आणावयाची हा प्रश्नच उरत नाही.

पेटीतील फिल्मबरोबर पुष्कळदा प्रक्षेपकही, म्हणजे व्यवहारातला ‘प्रोजेक्टर’ही, सापडतो. त्याची मोटर फिरते, परंतु दिवा गेलेला असतो. मग बाजारातून ‘तसाच दिसणारा’ आणि शक्य तर ‘जरा जास्त उजेडाचा’ बल्ब आणण्याचा मोह होतो. हा मोह फिल्मला आणि यंत्राला दोहोंनाही घातक का ठरतो आणि योग्य दिव्याची निवड कोणत्या तत्त्वांवर करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. वॅट म्हणजे प्रकाश नव्हे

घरगुती चित्रपटाच्या तीन मापांशी आपला मुख्यत्वे संबंध येतो : १९२३ साली आलेली १६ मिलिमीटर, १९३२ सालची ‘स्टँडर्ड एट’ आणि १९६५ सालची ‘सुपर एट’. प्रक्षेपकात फिल्म ज्या चौकटीपुढे क्षणभर थांबते तिला गेट म्हणतात. या गेटची खिडकी स्टँडर्ड एटमध्ये सुमारे ४.४ × ३.३ मिलिमीटर, सुपर एटमध्ये सुमारे ५.४ × ४ मिलिमीटर आणि १६ मिलिमीटरच्या यंत्रात सुमारे ९.६ × ७.२ मिलिमीटर असते. पडद्यावर जावयाचा सगळा प्रकाश या एवढ्याशा खिडकीतूनच गेला पाहिजे. स्टँडर्ड एटचे चित्र एक मीटर रुंद केले की त्याचे क्षेत्रफळ मूळ चित्राच्या सुमारे पन्नास हजारपट होते. उजेड नेहमी अपुराच का वाटतो, याचे कारण येथे आहे.

पडद्यावर पोहोचणारा प्रकाश तीन गोष्टींवर ठरतो : खिडकीचे क्षेत्रफळ, भिंगाचे छिद्रमान आणि दिव्याच्या तंतूची दीप्ती. दीप्ती म्हणजे उगमाच्या एकक क्षेत्रफळातून एकक घनकोनात जाणारा प्रकाश. भिंगांच्या व आरशांच्या साहाय्याने उगमाची प्रतिमा मोठी वा लहान करता येते. परंतु प्रतिमेची दीप्ती उगमाच्या दीप्तीहून अधिक करता येत नाही, हा प्रकाशशास्त्रातील मूलभूत नियम आहे. त्यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. तंतू पसरट करून वॅट वाढविले, तर वाढलेला प्रकाश खिडकीच्या कडांवर पडून वाया जातो. पडद्यास त्याचा लाभ नाही. गेट मात्र तापते.

दोन दिव्यांची तुलना करू. जुन्या अमेरिकन यंत्रांत ११० ते १२० व्होल्टवर चालणारे ५०० अथवा ७५० वॅटचे दिवे सर्रास असत. ११० व्होल्ट, ५०० वॅटच्या दिव्यात सुमारे ४.५ अँपिअर प्रवाह वाहतो आणि तंतूचा तप्त अवस्थेतील रोध सुमारे २४ ओहम असतो. १२ व्होल्ट, १०० वॅटच्या दिव्यात ८.३ अँपिअर प्रवाह असून रोध अवघा १.४४ ओहम असतो. कमी रोधाचा तंतू आखूड आणि जाड होतो. आखूड असल्यामुळे तो खिडकीच्या मापात बसतो. जाड असल्यामुळे बाष्पीभवनाने लवकर तुटत नाही आणि म्हणून अधिक तापमानावर ठेवता येतो. तापमान वाढले की दीप्ती झपाट्याने वाढते. यामुळेच ऑस्ट्रियातील यूमिग कंपनीने १९५० च्या दशकातील आपल्या पी-८ यंत्रात १२ व्होल्ट, १०० वॅटचा छोटा दिवा वापरून मोठ्या वॅटच्या दिव्यांशी बरोबरी साधली.

१९५९ साली प्रसिद्ध झालेल्या हॅलोजन दिव्याने याच वाटेवर पुढचे पाऊल टाकले. साध्या दिव्यात तंतूवरून उडालेला टंगस्टन काचेवर बसून ती काळवंडते. हॅलोजन दिव्यात आयोडीन किंवा ब्रोमीन त्या टंगस्टनशी संयोग पावते, संयुग तप्त तंतूजवळ आले की विघटित होते आणि टंगस्टन पुन्हा तंतूकडे परततो. मात्र हे चक्र चालण्यास बल्बची भिंत सुमारे २५० अंश सेल्सियसच्या वर राहिली पाहिजे. म्हणून बल्ब लहान आणि क्वार्ट्झचा असतो.

२. दाब, आयुष्य आणि गावचा वीजपुरवठा

प्रक्षेपकाचा तंतू सुमारे २९०० ते ३१०० अंश सेल्सियसवर चालतो. टंगस्टन ३४२२ अंशांस वितळतो. सुरक्षिततेचे अंतर इतके थोडे असल्यामुळे दाबातील लहान फरकाचाही परिणाम मोठा होतो. ठोकळमानाने प्रकाश हा दाबाच्या ३.४ व्या घाताच्या सम प्रमाणात, तर दिव्याचे आयुष्य दाबाच्या १३ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. हे नियम नियत दाबाच्या आसपासच लागू पडतात, तथापि त्यांची दिशा स्पष्ट आहे.

१९५६ च्या भारतीय वीज नियमांनी कमी दाबाच्या पुरवठ्यात ६ टक्के अधिकउणेपणास मुभा ठेवली होती. २३० व्होल्टच्या दृष्टीने ही मर्यादा सुमारे २१६ ते २४४ व्होल्ट अशी होते. वरच्या टोकास प्रकाश २२ टक्क्यांनी वाढतो, पण आयुष्य निम्म्याखाली येते. खालच्या टोकास प्रकाश सुमारे १९ टक्क्यांनी घटतो आणि आयुष्य दुपटीहून वाढते. दाब १० टक्क्यांनी चढला तर आयुष्य जेमतेम २९ टक्के उरते. प्रक्षेपकाच्या दिव्याचे नियत आयुष्यच मुळी कमी, जुन्या प्रकारात बहुधा २५ तास आणि अनेक हॅलोजन प्रकारांत ५० तास असते, हे लक्षात घेता ही घट उपेक्षणीय नव्हे.

कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या काठी ऊस, द्राक्षे आणि टोमॅटो यांच्या बागायतीसाठी विजेचे पंप मोठ्या संख्येने चालतात. जेथे घरांची आणि पंपांची ‘डीपी’ एकच असते, तेथे पंप चालू असता तारांतील रोधामुळे दाब उतरतो आणि पंप एकदम थांबले की चढतो. म्हणून चित्रफीत दाखविण्यापूर्वी घरातील दाब मोजावा आणि तो मध्येच बदलू शकतो हे गृहीत धरावे. पुष्कळ युरोपीय यंत्रांच्या तळाशी ११० पासून २४० व्होल्टपर्यंत दाब निवडण्याची सोय असते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तो खटका २४० वर ठेवणे इष्ट होय; त्याने प्रकाश सुमारे १४ टक्के कमी होतो, पण दिव्याचे आयुष्य पावणेदोनपट होते आणि दाब चढल्यास थोडा अवसर राहतो.

अमेरिकेतून आलेल्या यंत्राची गोष्ट वेगळी. त्याचा ११० ते १२० व्होल्टचा दिवा २३० व्होल्टवर तत्काळ फुटतो. असे यंत्र दाब उतरविणाऱ्या रोहित्रावरच चालवावे, आणि ते रोहित्र दिवा व मोटर या दोहोंचा भार वाहणारे असावे. दिवा ५०० वॅटचा असेल तर ७५० व्होल्ट-अँपिअरहून लहान रोहित्र घेऊ नये. शिवाय तेथील वीज ६० आवर्तनांची आणि आपली ५० आवर्तनांची असल्यामुळे काही मोटरी मंदावतात. फिल्म गेटपुढून सावकाश सरकते आणि प्रत्येक चित्रास उष्णता अधिक काळ सोसावी लागते.

३. बसतो तो दिवा योग्य असेलच असे नाही

सर्वांत घातक भूल येथे होते. पुढील पाच दिव्यांचे परावर्तक सुमारे ५० मिलिमीटर व्यासाचे आणि दिसण्यात जवळजवळ सारखे आहेत :

ईएफएन : १२ व्होल्ट, ७५ वॅट, बैठक जीझेड ६.३५
ईएफपी : १२ व्होल्ट, १०० वॅट; बैठक जीझेड ६.३५
ईएफआर : १५ व्होल्ट, १५० वॅट, बैठक जीझेड ६.३५
ईकेई : २१ व्होल्ट, १५० वॅट, बैठक जीएक्स ५.३
ईएलसी : २४ व्होल्ट, २५० वॅट, बैठक जीएक्स ५.३

तीन अक्षरांचे हे अमेरिकन संकेत केवळ नोंदणीचे आहेत. अक्षरांवरून दाब किंवा वॅट कळत नाहीत. बैठकीच्या नावातील आकडा दोन पिनांतील अंतर मिलिमीटरमध्ये दर्शवितो. पहिले तिन्ही दिवे एकाच होल्डरमध्ये बसतात, नंतरचे दोन दुसऱ्यात. त्यामुळे पिना बसल्या याचा अर्थ दिवा योग्य आहे असा होत नाही.

समजा, १२ व्होल्टच्या यंत्रात अधिक उजेडाच्या आशेने १५ व्होल्ट, १५० वॅटचा ईएफआर बसविला. त्यास नियत दाबाच्या ८० टक्केच दाब मिळेल; त्याचा प्रकाश नियत प्रकाशाच्या ४७ टक्क्यांवर येईल आणि तरीही तो सुमारे ८.९ अँपिअर, म्हणजे यंत्राच्या नियत ८.३ अँपिअरहून अधिक, प्रवाह ओढील. खर्च वाढला, भार वाढला आणि उजेड घटला, असा हा व्यवहार आहे. उलट १५ व्होल्टच्या यंत्रात १२ व्होल्टचा ईएफपी बसविला तर तंतूचे तापमान टंगस्टनच्या वितळबिंदूच्या लगत जाऊन दिवा अल्पावधीत तुटेल.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. २१ व्होल्टच्या यंत्रात २४ व्होल्ट, २५० वॅटचा ईएलसी बसविल्यास तो सुमारे ९.७ अँपिअर प्रवाह घेतो. यंत्राचे रोहित्र मात्र ७.१ अँपिअरसाठी गुंडाळलेले असते. वेटोळ्यातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती जवळजवळ १.८ पट होते. एक रीळ कदाचित निभावेल. दुसऱ्या-तिसऱ्या रिळास तारेवरचा लेप करपू लागेल. दिवा पुन्हा मिळू शकतो, परंतु जुन्या यंत्राचे रोहित्र मिळणे कठीण.

तिसरी भूल घरातील छताच्या हॅलोजन दिव्यांविषयी आहे. त्यांची बैठकही ५.३ मिलिमीटरची असते आणि ते होल्डरमध्ये शिरतात. परंतु त्यांचा परावर्तक खोलीभर प्रकाश पसरविण्यासाठी घडविलेला असतो. प्रक्षेपकाच्या दिव्याचा परावर्तक लंबवर्तुळाकार असून तंतू त्याच्या एका नाभीवर असतो, व दुसरी नाभी गेटजवळ पडते. ही भूमिती चुकली की पडद्याच्या मधोमध उजळ ठिपका आणि कडांना अंधार दिसतो.

परावर्तकाच्या मुलाम्याकडेही लक्ष द्यावे. चांगल्या प्रक्षेपण-दिव्याचा मुलामा दृश्य प्रकाश पुढे परावर्तित करतो आणि अवरक्त किरण मागे जाऊ देतो. उष्णता फिल्मकडे न जाता पंख्याकडे जाते. त्याच आकाराचा, परंतु ॲल्युमिनियमच्या मुलाम्याचा दिवा उष्णताही फिल्मवरच टाकतो. घरगुती मापांची फिल्म नायट्रेटची नसून ॲसिटेटची असते. त्यामुळे ती भडकून पेटत नाही. परंतु ती वाकते, फुगते आणि चित्र थांबविले असता वितळते.

यावरून पर्यायी दिव्यासाठी पुढील क्रम ठरतो. दाब तोच हवा. त्यात तडजोड नाही. वॅट तेवढेच किंवा कमी असावेत. बैठक, तंतूची उंची व दिशा, आणि परावर्तकाचा आकार व मुलामा मूळ दिव्याप्रमाणे असावा. १०० वॅटच्या ईएफपीऐवजी तात्पुरता ७५ वॅटचा ईएफएन वापरता येतो. प्रकाश सुमारे चतुर्थांशाने कमी होईल, परंतु रोहित्र आणि फिल्म सुरक्षित राहतील. याउलट क्रम कधीही करू नये.

४. ओळख आणि शोध

दिव्याचा तपशील बहुधा दिव्याच्या झाकणाच्या आतील पाटीवर, यंत्राच्या तळाशी किंवा गेलेल्या बल्बच्या बुडाशी असतो. एकाच दिव्यास निरनिराळ्या कारखान्यांचे निरनिराळे क्रमांक असतात, हे माहीत नसल्यामुळे शोध उगाच थांबतो. ईएफपी म्हणजेच फिलिप्सचा ६८३४ आणि ओसरामचा ६४६२७. ईएफआर म्हणजे फिलिप्सचा ६४२३ आणि ओसरामचा ६४६३४. ईएलसी म्हणजे फिलिप्सचा १३१६३ आणि ओसरामचा ६४६५३. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत चौकशी करताना ‘प्रोजेक्टरचा बल्ब’ एवढेच न सांगता दाब, वॅट, बैठक आणि हे क्रमांक लिहून न्यावेत.

आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. हे दिवे केवळ प्रक्षेपकासाठी नाहीत. १२ आणि १५ व्होल्टचे दिवे दंतवैद्यकातील, सूक्ष्मदर्शकाच्या व अंतर्दर्शक उपकरणांच्या प्रकाशपेट्यांत वापरले गेले, तर २४ व्होल्ट, २५० वॅटचा दिवा रंगमंचावरील फिरत्या रंगीत दिव्यांत होता. त्यामुळे छायाचित्रणाच्या दुकानात नकार मिळाला तरी वैद्यकीय उपकरणांच्या आणि रंगमंच-प्रकाशयोजनेच्या विक्रेत्यांकडे विचारणा करण्यास जागा उरते.

पाटी आणि बल्ब दोन्ही हरवले असल्यास होल्डरवरील दाब जाणकाराकडून मोजून घ्यावा. तेथे एक सूक्ष्म अडचण आहे. रोहित्रावर भार नसताना दाब नियत मूल्याहून चढा दिसतो. १२ व्होल्टच्या यंत्रात मापक १३ ते १३.५ व्होल्ट दाखवू शकतो. तेवढ्यावरून यंत्र १५ व्होल्टचे ठरवू नये. कमी वॅटचा दिवा लावून भारासहित पुन्हा मोजावे आणि मगच निर्णय घ्यावा.

क्वार्ट्झच्या बल्बला बोट लावू नये. घामातील क्षार तप्त क्वार्ट्झला अपारदर्शक व ठिसूळ करतात. स्पर्श झालाच तर स्पिरिटने पुसून घ्यावे. थंड तंतूचा रोध तप्त रोधाच्या सुमारे पंधराव्या भागाइतका असतो. त्यामुळे दिवा लावताक्षणी प्रवाहाचा मोठा लोंढा जातो आणि पुष्कळ दिवे त्याच क्षणी जातात. वारंवार लावणे-मालवणे टाळावे. रीळ संपल्यावर दिवा मालवून पंखा काही मिनिटे चालू ठेवावा आणि तंतू निवेपर्यंत यंत्र हलवू नये.

५. एलईडीचा पर्याय

एलईडी बसविल्यास गेटवरील उष्णता पुष्कळ कमी होते, हा मोठाच लाभ आहे. परंतु येथेही दीप्तीचा नियम सुटत नाही. अनेक ठिपक्यांचा पसरट एलईडी कितीही वॅटचा असला तरी खिडकी उजळीत नाही. प्रकाश एका लहान क्षेत्रातून आला पाहिजे. दुसरी अडचण लुकलुकण्याची आहे. सुपर एटचे यंत्र सेकंदास १८ चित्रे दाखविते आणि तीन पात्यांची झडप त्यांचे ५४ प्रकाशक्षण करते. ५० आवर्तनांच्या विजेवर, पुरेशी गाळणी नसलेला एलईडी सेकंदास १०० वेळा कमीजास्त होतो. ५४ ची दुप्पट १०८. १०८ आणि १०० यांतील फरकाने सेकंदास ८ ठोके पडतात आणि ते डोळ्यांस स्पष्ट जाणवतात. जाड तंतूचा दिवा उष्णतेच्या साठ्यामुळे हा चढउतार बुजवितो. म्हणून एलईडीला स्थिर एकदिश प्रवाहच द्यावा. त्याचा रंग-प्रत्यय निर्देशांक ९० हून अधिक असावा, अन्यथा लाल छटा मलूल दिसतात.

६. उजेड कमी पडला तर

उजेड वाढविण्याचा खरा उपाय बहुतेक वेळा दिव्यात नसून खोलीत असतो. चित्राची रुंदी १.२ मीटरवरून ०.९ मीटर केली तर पडद्यावरील प्रदीपन सुमारे १.८ पट होते. वॅट वाढवून एवढा लाभ कोणत्याही यंत्रात निर्धोकपणे मिळत नाही. खोली पुरती अंधारी करावी, भिंग व परावर्तक स्वच्छ असावेत, पडदा पांढरा असावा. दिवा प्रथम फिल्मशिवाय लावून पडद्यावरील प्रकाश सर्वत्र सारखा आहे का ते पाहावे, नंतर निरुपयोगी फिल्मचा तुकडा चालवावा आणि त्यानंतरच मूळ रीळ चढवावे. रिळास व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ॲसिटेटचा ऱ्हास सुरू झाला आहे असे समजावे. अशी फिल्म आक्रसलेली असण्याचा संभव असल्याने ती प्रक्षेपकावर चढवू नये.

निर्दोष फिल्मही अमर्याद वेळा दाखविता येत नाही. १९३५ साली बाजारात आलेल्या कोडॅक्रोमचे रंग अंधारात दीर्घकाळ टिकतात, पण प्रक्षेपणाच्या प्रकाशात तुलनेने लवकर उडतात. प्रत्येक प्रक्षेपण म्हणजे त्या चित्राचा थोडासा व्यय होय. म्हणून गावातील मंडळींना एकत्र बसवून रीळ दाखवावयाचे असेल, तर त्याच बैठकीत चित्रातील माणसे, वाडे, वाटा कोणाच्या हे वडीलधाऱ्यांकडून विचारून लिहून घ्यावे आणि पुढील पाहणीसाठी अंकीय प्रत करून ठेवावी.

दिव्याची निवड ही वरकरणी दुकानदारीची बाब आहे. परंतु योग्य दाबाचा, नेमस्त वॅटचा आणि योग्य भूमितीचा दिवा निवडणे म्हणजे एकमेव साधनाची जबाबदारी घेणे होय. जलाशय उन्हाळ्यात आटला तरी बुडालेले गाव जसेच्या तसे वर येत नाही. ते कोठे शिल्लक असेलच तर अशा चार मिलिमीटरच्या चौकटीत. तिच्यामागे कोणता दिवा लावावयाचा, याचा निर्णय उजेडाच्या हौसेने न करता हिशेबाने करावा.